विमानाचा तास आणि प्रवासाचा दिवस : चांदवडहून पुणे व नागपूर येथील अंतर व काळ यांचा विचार

सारांश

दोन शहरांमधील अंतर किती आणि विमानाने तेथे जाण्यास किती वेळ लागतो, हे प्रश्न वरकरणी सोपे वाटतात. प्रत्यक्षात 'अंतर' या एका शब्दाचे तीन व 'वेळ' या शब्दाचे किमान चार अर्थ संभवतात. प्रस्तुत लेखात नाशिक–पुणे व नाशिक–नागपूर या दोन हवाई मार्गांच्या आधारे हे अर्थ स्पष्ट केले असून, चांदवडसारख्या तालुक्याच्या ठिकाणी राहणाऱ्या प्रवाशाच्या दृष्टीने त्यांचा हिशेब मांडला आहे. विमानाच्या वेगापेक्षा विमानतळापर्यंतचा रस्ता, विमानतळावरील प्रतीक्षा आणि वेळापत्रक हे घटक प्रवासकाळ अधिक प्रमाणात ठरवितात, हे या हिशेबावरून दिसून येते.

बीजसंज्ञा : हवाई अंतर, रस्ता अंतर, ब्लॉक टाइम, दारापासून दारापर्यंतचा वेळ, बरोबरीचे अंतर.

१. प्रस्तावना

चांदवड हे नाशिक जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण मुंबई–आग्रा या जुन्या राजमार्गावर, नाशिकपासून सुमारे ६५ किलोमीटर अंतरावर वसले आहे. सातमाळा डोंगररांगेच्या पायथ्याशी असलेले हे गाव खानदेशातून गोदावरीच्या खोऱ्यात उतरणाऱ्या वाटेवरचे नाके होते. होळकरांच्या काळात येथे टांकसाळ होती आणि अहिल्याबाई होळकरांच्या नावाशी जोडलेला रंगमहाल आजही गावात उभा आहे. त्या काळी अंतर कोसांत मोजले जाई, परंतु प्रवासाची योजना मजलांत आखली जाई. एका दिवसात जेवढे चालून होईल ती एक मजल. घाट असेल तर मजल लहान, सपाटी असेल तर मोठी. अंतर आणि काळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याची जाणीव त्या व्यवहारातच होती.

१८६० च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग नाशिकहून लासलगाव, मनमाडमार्गे भुसावळकडे गेला आणि १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचला. चांदवड या लोहमार्गापासून बाजूला राहिले. रस्त्याच्या मापाने मनमाड अवघे २५ किलोमीटर, परंतु रेल्वेने मुंबई वा नागपूर गाठावयाचे तर हे २५ किलोमीटर आधी पार करणे भाग पडले. नवे वाहन जवळून जाणे आणि ते गावाला उपयोगी पडणे यांतील फरक चांदवडने तेव्हाच अनुभवला. हवाई वाहतुकीच्या संदर्भात तोच प्रश्न आज पुन्हा उपस्थित होतो. ओझरचा विमानतळ चांदवड व नाशिक यांच्या दरम्यान आहे आणि तेथून सुटणारे विमान तासाभरात नागपूरला पोहोचते, असे सांगितले जाते. हा 'तास' चांदवडच्या प्रवाशाच्या वाट्याला कितपत येतो, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

या प्रश्नास शैक्षणिक वर्तुळातही व्यावहारिक महत्त्व आहे. नाशिक जिल्ह्यातील महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. अभ्यासमंडळे, परीक्षाविषयक कामे, संशोधनार्थींच्या तोंडी परीक्षा यांसाठी प्राध्यापकांना पुण्याला जावे लागते. चर्चासत्रे, न्यायालयीन व शासकीय कामे यांनिमित्त नागपूरचा प्रवासही घडतो. रजा, प्रवासभत्ता आणि बुडणारे तास या तिन्हींचा संबंध प्रवासकाळाशी आहे.

२. अंतर या संकल्पनेचे तीन अर्थ

२.१ हवाई अंतर : पृथ्वीच्या पृष्ठभागावरील दोन बिंदूंना जोडणारी सर्वांत लहान रेषा ही बृहद्वृत्ताचा कंस असते. या कंसाची लांबी म्हणजे हवाई अंतर होय. ते काढण्यासाठी दोन्ही ठिकाणांचे अक्षांश व रेखांश पुरेसे असतात. अक्षांशाचा एक मिनिट म्हणजे साधारणतः एक सागरी मैल, अर्थात १.८५२ किलोमीटर. विमान वाहतुकीत आजही हेच परिमाण वापरले जाते.

नाशिक–पुणे हे उदाहरण या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. ओझर विमानतळ सुमारे २०° ०७′ उत्तर अक्षांश व ७३° ५५′ पूर्व रेखांशावर आहे. पुण्याचा लोहगाव विमानतळ १८° ३५′ उत्तर व ७३° ५५′ पूर्व येथे आहे. दोन्ही ठिकाणे जवळपास एकाच रेखावृत्तावर येत असल्याने केवळ अक्षांशांतील फरक घेतला तरी काम भागते. हा फरक १° ३२′ म्हणजे ९२ मिनिटे आहे. ९२ सागरी मैल म्हणजे सुमारे १७० किलोमीटर.

नागपूरच्या बाबतीत पूर्व–पश्चिम फरकही विचारात घ्यावा लागतो. नागपूर विमानतळ सुमारे २१° ०५′ उत्तर व ७९° ०३′ पूर्व येथे आहे. ओझरपासून अक्षांशांतील फरक ५८ मिनिटे आणि रेखांशांतील फरक ५° ०८′ म्हणजे ३०८ मिनिटे होतो. रेखावृत्ते ध्रुवांकडे जवळ येत असल्याने रेखांशाच्या मिनिटाची लांबी सर्वत्र सारखी नसते. तिला मध्य अक्षांशाच्या कोज्येने गुणावे लागते. २०.६° ची कोज्या ०.९३६ आहे. म्हणजे पूर्व–पश्चिम अंतर सुमारे २८८ सागरी मैल झाले. ५८ व २८८ या दोन बाजू धरून पायथागोरसच्या सिद्धांताने कर्ण काढल्यास २९४ सागरी मैल, म्हणजे सुमारे ५४४ किलोमीटर हे उत्तर मिळते. एवढ्या अंतरासाठी ही रीत पुरेशी अचूक आहे व वर्गात फळ्यावर करून दाखविता येण्याजोगी आहे.

२.२ उड्डाण मार्गाचे अंतर : विमान प्रत्यक्षात या सरळ रेषेवरून जातेच असे नाही. नियंत्रण कक्षाने ठरवून दिलेले हवाई मार्ग, उड्डाणानंतरचे वळण, उतरताना धावपट्टीच्या रोखाने घ्यावा लागणारा फेरा यांमुळे हे अंतर वाढते. ओझर येथे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा विमाननिर्मितीचा कारखाना व वायुदलाचे दुरुस्ती केंद्र आहे, तर लोहगाव हा वायुदलाचा तळ आहे. अशा ठिकाणी नागरी विमानांना लष्करी उड्डाणांशी जुळवून घ्यावे लागते. मार्ग लहान असेल तर हा वाढीव फेरा प्रमाणाने अधिक जाणवतो. वीस किलोमीटरचा वळसा नागपूरच्या मार्गावर चार टक्क्यांहून कमी, तर पुण्याच्या मार्गावर जवळपास बारा टक्के भरतो.

२.३ रस्ता अंतर : रस्ता डोंगर, नद्या व वस्त्या पाहून जातो. नाशिक–पुणे रस्ता सुमारे २१० किलोमीटरचा आहे. १७० किलोमीटरच्या हवाई अंतराशी तुलना करता तो सव्वापट होतो. चांदवडपासून लोहगावचे हवाई अंतर सुमारे १९८ किलोमीटर आहे, परंतु नाशिक, सिन्नर, संगमनेरमार्गे जावयाचे तर सुमारे २७५ किलोमीटर चालावे लागतात. हे प्रमाण जवळपास १.४ पट पडते. प्रवासी आधी नैर्ऋत्येस नाशिककडे जातो व मग दक्षिणेस वळतो, हे त्याचे कारण होय. मनमाड–दौंडमार्गे रेल्वेने गेल्यास अंतर ३०० किलोमीटरांहून अधिक भरते, कारण नाशिक व पुणे यांना थेट जोडणारा लोहमार्ग नाही.

३. वेळ या संकल्पनेचे चार अर्थ

३.१ हवेतील वेळ : विमानाची चाके धावपट्टी सोडतात तेव्हापासून ती पुन्हा टेकेपर्यंतचा हा वेळ. प्रादेशिक मार्गांवर वापरले जाणारे एटीआर-७२ हे पंखाचे विमान ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाने जाते. एअरबस ए-३२० सारखे जेट विमान ताशी ८०० किलोमीटरांहून अधिक वेग गाठते. मात्र हे वेग वरच्या सपाट टप्प्यातील आहेत. चढताना व उतरताना वेग कमी असतो. १७० किलोमीटरच्या मार्गावर विमान पुरते वर जाते न जाते तोच उतरणीस लागते. म्हणून अशा मार्गावर जेट विमानाचा अधिक वेग फारसा कामी येत नाही.

वाऱ्याचाही परिणाम होतो. हिवाळ्यात वरच्या थरांत पश्चिमेकडून वाहणारे वारे बळावतात. ताशी ५० किलोमीटरचा वारा पाठीशी आहे असे गृहीत धरल्यास ५४४ किलोमीटर अंतरासाठी ताशी ५५० च्या वेगाने सुमारे ५९ मिनिटे लागतील. परतीच्या प्रवासात तोच वारा समोरून आला तर ताशी ४५० च्या वेगाने सुमारे ७३ मिनिटे लागतील. जाण्याच्या व येण्याच्या वेळेत फरक का पडतो, याचे हे एक कारण होय.

३.२ ब्लॉक टाइम : विमान आपल्या जागेवरून हलते तेव्हापासून उतरल्यावर पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा काळ म्हणजे ब्लॉक टाइम. तिकिटावर छापलेल्या सुटण्याच्या व पोहोचण्याच्या वेळांतील फरक हाच असतो. धावपट्टीपर्यंतची संथ चाल, परवानगीची वाट पाहणे, चढ-उतारातील कमी वेग यांसाठी सुमारे २० मिनिटे धरल्यास एटीआर विमानाला पुण्यासाठी सुमारे ४० मिनिटे व नागपूरसाठी सुमारे १ तास २५ मिनिटे लागतील.

३.३ दारापासून दारापर्यंतचा वेळ : प्रवासी घराचा उंबरठा ओलांडतो तेव्हापासून कामाच्या ठिकाणी पोहोचेपर्यंतचा हा काळ. ब्लॉक टाइम हा त्याचा एक भाग मात्र असतो.

३.४ कामाचा खर्ची पडलेला वेळ : दारापासून दारापर्यंत लागलेल्या वेळेतून झोपेचा वा अन्यथा मोकळा असलेला काळ वजा केला आणि वेळापत्रकामुळे करावा लागलेला मुक्काम त्यात मिळविला, म्हणजे हा चौथा अर्थ सिद्ध होतो. प्रवासाची निवड करताना बहुधा हाच निर्णायक असतो, परंतु कोणत्याही तिकिटावर तो छापलेला नसतो.

४. नाशिकच्या हवाई सेवेची वाटचाल

ओझर येथे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा विभाग १९६४ मध्ये स्थापन झाला. मिग व पुढे सुखोई-३० या लढाऊ विमानांची निर्मिती येथे झाल्याने सुमारे तीन किलोमीटर लांबीची धावपट्टी आधीपासूनच उपलब्ध होती. नागरी प्रवाशांसाठी स्वतंत्र इमारतीचे उद्घाटन मार्च २०१४ मध्ये झाले. धावपट्टी होती, इमारत झाली, तरी नियमित विमानसेवा त्यानंतरही सहजासहजी उभी राहिली नाही.

केंद्र शासनाने २०१६ मध्ये 'उडान' ही प्रादेशिक हवाई जोडणी योजना जाहीर केली. सुमारे एक तासाच्या उड्डाणासाठी ठरावीक आसनांचे भाडे तेव्हा २,५०० रुपयांपर्यंत मर्यादित ठेवणे आणि त्यामुळे कंपनीस येणारी तूट तीन वर्षांपर्यंत अनुदानाने भरून देणे, असे तिचे स्वरूप होते. या योजनेखाली डिसेंबर २०१७ मध्ये एअर डेक्कनने नाशिकहून मुंबई व पुणे येथे लहान विमानाने सेवा सुरू केली. ती पुढे खंडित झाली. २०१९ मध्ये अलायन्स एअरने पुण्याची सेवा पुन्हा आरंभली, तीही कायम राहिली नाही. २०२३ मध्ये इंडिगो कंपनीने नाशिक हे नागपूर, अहमदाबाद व गोवा यांच्याशी जोडले. विमान कंपन्यांची वेळापत्रके उन्हाळी व हिवाळी अशा दोन हंगामांत बदलत असल्याने मार्ग सुरू होणे, बंद पडणे हे क्रमाने चालू राहिले आहे.

याच काळात नाशिकच्या आसपासच्या अन्य सोयीही बदलल्या. शिर्डीसाठी काकडी येथे बांधलेला विमानतळ १ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झाला. ७०१ किलोमीटर लांबीच्या मुंबई–नागपूर समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला व इगतपुरी–आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी वाहतुकीस मिळाला. नाशिकच्या विमानाची स्पर्धा आता जुन्या रस्त्याशी नसून या नव्या रस्त्याशी आहे.

५. चांदवडच्या प्रवाशाचा हिशेब

पुढील तक्त्यात विमानाने जाणाऱ्या प्रवाशाचा दारापासून दारापर्यंतचा वेळ मांडला आहे. चांदवड ते ओझर विमानतळ हे अंतर पिंपळगाव बसवंतमार्गे सुमारे ४५ ते ५० किलोमीटर धरले आहे. विमान सुटण्याच्या दीड तास आधी पोहोचावे, असे गृहीत धरले आहे. हे आकडे ढोबळ असून तुलनेपुरतेच आहेत.

तक्ता क्र. १ : विमानाने लागणारा वेळ (तास : मिनिटे)

| टप्पा | पुणे | नागपूर |
|---|---|---|
| चांदवड ते ओझर विमानतळ | १:१५ | १:१५ |
| विमानतळावरील प्रतीक्षा | १:३० | १:३० |
| ब्लॉक टाइम | ०:४० | १:२५ |
| उतरणे, सामान घेणे | ०:३० | ०:३० |
| विमानतळ ते कामाचे ठिकाण | ०:४५ | ०:३० |
| एकूण | ४:४० | ५:१० |

तक्त्यावरून दोन गोष्टी चटकन ध्यानात येतात. पुण्यापेक्षा नागपूर तिपटीहून अधिक दूर असूनही एकूण वेळेत केवळ अर्ध्या तासाचा फरक पडतो. दुसरे असे की, पुण्याच्या प्रवासात प्रवासी विमानात असतो तो काळ एकूण काळाच्या सातव्या हिश्श्याएवढाच आहे. उरलेले सहा हिस्से रस्त्यावर व रांगेत जातात.

आता रस्त्याचा विचार करू. पुण्यासाठी २७५ किलोमीटर अंतर ताशी ५५ किलोमीटर सरासरीने ५ तासांत होते. वाटेतील विश्रांतीचा अर्धा तास मिळवून ५ तास ३० मिनिटे होतात. विमानाने वाचणारा वेळ ५० मिनिटांचा आहे. नागपूरसाठी चांदवडहून मनमाड, येवलामार्गे कोपरगाव तालुक्यात समृद्धी महामार्ग गाठण्यास सुमारे ८० किलोमीटर जावे लागते. तेथून नागपूर सुमारे ५२० किलोमीटर. पहिल्या टप्प्यास पावणेदोन तास, दुसऱ्या टप्प्यास ताशी ९० च्या सरासरीने पावणेसहा तास, विश्रांतीस पाऊण तास व शहरात शिरण्यास अर्धा तास धरल्यास एकूण पावणेनऊ तास होतात. या महामार्गावर सपाट भागात मोटारीसाठी ताशी १२० किलोमीटरची वेगमर्यादा असली तरी एवढ्या लांबच्या पल्ल्यात ९० ची सरासरी धरणेच सुरक्षित होय. येथे विमानाने साडेतीन तासांहून अधिक बचत होते.

रेल्वेचा हिशेब वेगळा आहे. मनमाड ते नागपूर लोहमार्गाने ५७७ किलोमीटर अंतर आहे. गाडीस साधारणतः ९ ते १० तास लागतात. मनमाडपर्यंतचा रस्ता व स्थानकावरील प्रतीक्षा धरून एकूण वेळ अकरा तासांपलीकडे जातो. दारापासून दारापर्यंतच्या मापाने रेल्वे सर्वांत मंद ठरते. परंतु हे सर्व तास रात्रीचे असू शकतात.

६. बरोबरीचे अंतर

वरील तुलनेतून एक सामान्य नियम काढता येतो. विमानप्रवासात अंतर कितीही असले तरी खर्च होणारा एक ठरावीक काळ असतो. चांदवडच्या प्रवाशासाठी घर ते विमानतळ ७५ मिनिटे, प्रतीक्षा ९० मिनिटे, जमिनीवरील चाल व चढ-उतार २० मिनिटे, बाहेर पडणे ३० मिनिटे व शहरातील प्रवास ३० मिनिटे, असा तो २४५ मिनिटांचा होतो. त्यानंतर मात्र प्रत्येक किलोमीटरला विमान केवळ ०.१२ मिनिट घेते.

रस्त्याच्या प्रवासात ठरावीक काळ जवळपास नसतो, परंतु प्रत्येक किलोमीटर महाग पडतो. रस्ता सव्वापट वळसा घेतो व सरासरी वेग ताशी ५५ आहे असे धरल्यास हवाई अंतराच्या एका किलोमीटरमागे १.३६ मिनिटे लागतात. दोहोंतील फरक १.२४ मिनिटे. २४५ ला १.२४ ने भागल्यास सुमारे १९८ हे उत्तर येते. म्हणजे सुमारे २०० किलोमीटर हवाई अंतरावर विमान व मोटार यांचा वेळ सारखा होतो. यास 'बरोबरीचे अंतर' म्हणता येईल. पुणे नेमके या सीमारेषेवर आहे. नाशिक–पुणे मार्गावर सेवा पुन्हा पुन्हा सुरू होऊन का टिकत नसावी, याचे निदान एक कारण या आकड्यात सापडते.

रस्ता सुधारला की ही सीमारेषा सरकते. द्रुतगती महामार्गावर ताशी ९० ची सरासरी मिळाल्यास हवाई अंतराच्या किलोमीटरमागे ०.८३ मिनिटे लागतात व बरोबरीचे अंतर सुमारे ३४५ किलोमीटर होते. नागपूर या सीमेच्या बरेच पलीकडे असल्याने समृद्धी महामार्गानंतरही विमानाचा वेळेतील लाभ शिल्लक राहतो. उलट, विमानतळावरील वा विमानतळापर्यंतचा वेळ कमी झाला तर सीमारेषा अलीकडे येते. चांदवडच्या प्रवाशाचा ठरावीक काळ एक तासाने घटला तर साध्या रस्त्याशी तुलना करता बरोबरीचे अंतर सुमारे १५० किलोमीटरवर येते. विमानाचा वेग दुप्पट केला तरी एवढा फरक पडत नाही. वेग दुप्पट झाल्यास किलोमीटरमागे ०.०६ मिनिट वाचते व पुण्याच्या १७० किलोमीटरच्या मार्गावर ही बचत दहा मिनिटांची भरते.

७. वेळापत्रकाचे महत्त्व

आतापर्यंतच्या हिशेबात प्रवाशाला हवे तेव्हा विमान मिळते, असे मानले होते. ही गोष्ट वस्तुस्थितीस धरून नाही. समजा, नागपूर येथे सकाळी अकरा वाजता बैठक आहे व दिवसातून एकच विमान दुपारी सुटते. प्रवाशास आदल्या दिवशी सकाळीच चांदवड सोडावे लागेल. दुसऱ्या दिवशी बैठक आटोपेपर्यंत परतीचे विमान निघून गेलेले असेल. तिसऱ्या दिवशी तो परतेल. पाच तासांच्या प्रवासासाठी दोन मुक्काम व कामाचे जवळपास तीन दिवस खर्ची पडले. तोच प्रवासी रात्रीच्या गाडीने मनमाडहून निघाला तर सकाळी नागपुरात पोहोचतो, काम करून त्याच रात्री परत निघतो. अकरा तासांच्या प्रवासाने कामाचा एकच दिवस घेतला. आठवड्यातून काहीच दिवस विमान असेल तर हा फरक आणखी वाढतो.

याचा अर्थ रेल्वे नेहमीच बरी असा नाही. वयस्क व्यक्ती, रुग्ण, अथवा आरक्षण न मिळालेला प्रवासी यांच्यासाठी हा रात्रीचा प्रवास सुखाचा नसतो. मुद्दा एवढाच की, वाहनाचा वेग आणि वाहनाची वेळ यांत वेळ अधिक निर्णायक असू शकते.

भारतीय हवाई वाहतुकीच्या इतिहासात याचे उत्तम उदाहरण नागपूरचेच आहे. जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस टपालाचे विमान आणले, तेव्हा हवाई टपालाचा लाभ त्याच्या वेगात होता. १९४९ मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपाल सेवेने वेगाहून निराळी युक्ती योजिली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथून रात्री निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरात एकत्र येत. तेथे टपाल व प्रवासी यांची अदलाबदल होई व विमाने आपापल्या शहरी पहाटेपर्यंत परतत. संध्याकाळी टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी पोहोचे. विमाने आजच्या तुलनेने मंदच होती. काळ वाचला तो देशाच्या मध्यभागी असलेल्या नागपूरच्या स्थानामुळे व नेमक्या जुळविलेल्या वेळांमुळे.

८. काही सूचना

उपरोक्त विवेचनाच्या आधारे चांदवड, देवळा, येवला, निफाड, दिंडोरी यांसारख्या तालुक्यांच्या दृष्टीने पुढील गोष्टी विचारात घेण्याजोग्या आहेत.

(अ) ओझर विमानतळ महामार्गापासून जवळ असला तरी एस.टी.ने येणारा प्रवासी महामार्गावर उतरतो व पुढचे काही किलोमीटर त्यास स्वतंत्र वाहन पाहावे लागते. विमानाच्या वेळांशी जुळणारी मालेगाव–चांदवड–पिंपळगाव–ओझर विमानतळ अशी बससेवा असल्यास प्रवाशाचा खर्च व अनिश्चितता दोन्ही कमी होतील. धावपट्टी वा विमान यांच्या तुलनेत हा खर्च अत्यल्प आहे.

(आ) नागपूरसारख्या मार्गावर दुपारच्या एका फेरीपेक्षा सकाळी जाणारी व सायंकाळी परतणारी जोडफेरी, आठवड्यातून मोजके दिवस का होईना, अधिक उपयुक्त ठरेल. तिच्यामुळे मुक्काम टळतो आणि विमानाने वाचविलेला वेळ प्रवाशाच्या हाती खरोखर पडतो.

(इ) पुण्यासाठी विमानापेक्षा रस्ता व थेट लोहमार्ग यांवरील खर्च अधिक फलदायी ठरण्याचा संभव आहे, कारण येथे अडचण वेगाची नसून वळशाची आहे. विद्यापीठाची जी कामे दूरदृश्य प्रणालीने होऊ शकतात, त्यांसाठी प्रवासाचे अंतर शून्य होते, हेही लक्षात घ्यावे.

(ई) 'जवळचा विमानतळ' म्हणजे सोयीचा विमानतळ असे समीकरण मांडू नये. चांदवडहून काकडीचा शिर्डी विमानतळ ओझरपेक्षा दूर आहे. तरीही इष्ट ठिकाणाचे थेट विमान तेथून सोयीच्या वेळी मिळत असेल, तर रस्त्यावरचा जादा पाऊण-एक तास भरून निघतो.

(उ) भूगोल, गणित, अर्थशास्त्र व वाणिज्य या विषयांच्या विद्यार्थ्यांना हा विषय प्रकल्प म्हणून देता येईल. आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश घेऊन हवाई अंतर काढणे, रस्त्याशी त्याचे प्रमाण पाहणे, घरातील एका प्रत्यक्ष प्रवासाच्या वेळेची विभागणी करणे व त्यावरून आपल्या गावाचे 'बरोबरीचे अंतर' ठरविणे हे काम पदवीच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यास सहज जमणारे आहे.

९. निष्कर्ष

१. ओझर–पुणे हवाई अंतर सुमारे १७० व ओझर–नागपूर सुमारे ५४४ किलोमीटर असून, एटीआर विमानाचा ब्लॉक टाइम अनुक्रमे सुमारे ४० मिनिटे व १ तास २५ मिनिटे येतो. मात्र चांदवडच्या प्रवाशाचा दारापासून दारापर्यंतचा वेळ अनुक्रमे सुमारे पावणेपाच व सव्वापाच तास भरतो.

२. विमानप्रवासातील ठरावीक काळ चार तासांच्या आसपास असल्याने सुमारे २०० किलोमीटरच्या आतील मार्गांवर विमानाचा लाभ संशयास्पद ठरतो. रस्ते सुधारतील तशी ही मर्यादा वाढत जाते.

३. विमानाचा वेग वाढविण्यापेक्षा विमानतळापर्यंतचा प्रवास व प्रतीक्षा कमी करणे तालुक्याच्या प्रवाशास अधिक हितकारक आहे.

४. दिवसातून एकच फेरी असलेल्या मार्गावर वेळापत्रकामुळे होणारी हानी विमानाने झालेल्या बचतीपेक्षा मोठी असू शकते.

चांदवडहून नागपूर पूर्वेस आहे, परंतु विमानाने तेथे जावयाचे तर प्रवाशास आधी पन्नास किलोमीटर पश्चिमेकडे जावे लागते. दीडशे वर्षांपूर्वी रेल्वेसाठी याच गावातील प्रवासी मनमाडच्या वाटेला लागत असे. प्रादेशिक हवाई सेवेचे मूल्यमापन करताना दोन विमानतळांमधील तास मोजला जातो. ते मूल्यमापन चांदवडच्या उंबरठ्यापासून सुरू झाले, तरच या सेवेवर होणाऱ्या सार्वजनिक खर्चाचे फळ विमानतळाच्या कुंपणापलीकडील तालुक्यांपर्यंत किती पोहोचते, हे कळू शकेल.